बसून वाजवणारा ऑपरेटर

ऑपरेटरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ट्रॅक्टरच्या सीटवर बसले होते आणि ट्रॅक्टर कुठंच नव्हता. युसूफ वडगावचा बाजार होता. हॉटेलासमोर तीन बाकडी रिकामी होती, आणि हा पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस पाइपाचे चार पाय वेल्डिंग केलेल्या लोखंडी सीटवर ताठ बसून बशीतून चहा पीत होता. चहा संपल्यावर त्यांनी कपबशी आत नेऊन दिली, सीट पट्ट्यानं खांद्याला अडकवली आणि बाजारातून निघून गेले. मी हॉटेलवाल्याला विचारलं, हे कोण?

"तुमच्याच गावचे की. ऑपरेटर. उपसा सिंचनचे."

"मग बाकड्यावर कावून बसत न्हाईत?"

"ते त्यांनाच इचारा. मला कप धुवायचेत."

गाव माझंच, पण पाचवीपासून मी वसतिगृहात. गाव मला सुट्टीपुरतं माहीत. त्या वर्षी पुण्यातलं बी. एस्सी. अर्धवट टाकून मी गिटार घेऊन घरी परतलो होतो. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं आणि गिटारला तर वडील 'ते लाकूड' म्हणायचे. आमचं घर पाटलाचं. पाटीलकी कधीच गेली होती, पण पीळ राहिला होता. अशा घरात लाकूड वाजवणारा मुलगा म्हणजे काय, ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

महिनाभरानं मी मांजरेच्या काठी भटकत असताना पंपहाउसातून ड्रमचा आवाज ऐकला. नदी कोरडी ठणठणीत, वाळूत बाभळी उगवलेल्या, आणि त्या ओसाड इमारतीतून असा ताल येत होता की माझ्या पावलांनी मला न विचारता वेग बदलला. दारातून पाहिलं तर तेच. तीच सीट, समोर अंबाजोगाईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला ड्रमसेट, आणि डोळे मिटलेले ऑपरेटर. मी पुण्यात बरे बरे ड्रमर ऐकले होते. पण माझ्या गावापासून दोन किलोमीटरवर, एका बंद पडलेल्या सहकारी संस्थेच्या खोलीत, एवढा मोठा वादक रोज सकाळी एकटाच वाजवतो आणि हे माझ्या घरात कुणालाही माहीत नाही, हे मला खरंच वाटेना.

संस्थेबद्दल सांगायला हवं. नदीतून पाणी उपसून शेताला द्यायचं म्हणून गावानं कधीकाळी सहकारी उपसा सिंचन संस्था काढली. इमारत झाली, दोन मोठे पंप आले, चेअरमन झाले, मग नदी आटली. चेअरमन तेवढे राहिले. कामाला रोज येणारा माणूस एकच, ऑपरेटर. सकाळी आठला ते कुलूप उघडत, बेअरिंगला तेल घालत, दोन्ही पंपांचे शाफ्ट हातानं फिरवत आणि रजिस्टरात पाण्याच्या पातळीच्या रकान्यात 'निरंक' असं सुवाच्य अक्षरात लिहीत.

"पाणीच नाही तर रोज फिरवायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"पानी न यायला मी जबाबदार न्हाई," ते म्हणाले. "पानी आल्यावर पंप जाम निघाला, तर त्याला हाय."

पुढे पाचेक वर्षांनी एका पावसाळ्यात नदीला खरंच पाणी आलं. संचालक मंडळ फेटे बांधून नारळ फोडायला आलं होतं आणि सगळ्यांच्या मनात धाकधूक होती की आता पंपाचा खडखडाट होणार. पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला. टाळ्या संचालक मंडळाला मिळाल्या.

ऑपरेटरना हाक मारायची अडचण होती. आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'त्यो' असा व्हायचा. मी पहिल्या दिवशी लाडानं 'मामा' म्हटलं, तर त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

"तुमच्या आईचा भाऊ हाय का मी?"

"तसं नाही, प्रेमानं..."

"प्रेम हळूहळू येऊ द्या. सध्या ऑपरेटर म्हना."

ते स्वतः सगळ्यांना पदानंच हाक मारायचे आणि सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे. मी 'गिटार' झालो. त्यांच्या शाळकरी पुतणीलाही ते 'सातवी ब' म्हणत.

त्यांच्या बसण्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी चिकटपणा केला म्हणून.

"आमचा आजा डफडं गळ्यात घालून गावाच्या म्होरं चालायचा. सायब आला, चाल. कुनाचं लगीन निघालं, चाल. दवंडी हाय, चाल. पाय फुटायचे म्हाताऱ्याचे. छपन सालात आमी धम्म घेतला अन् त्यानं डफडं सोडलं. मग घरात ठरलं, ह्या घरातलं कुनी वाजवनार न्हाई. आमच्या बापानं जलमात ताटली बी वाजवली न्हाई. पन माझ्या हाताला लई खाज. बाप बघायचा अन् मी हात मांडीखाली दाबून बसायचो."

मग पंप बसवायला मुंबईचा एक तरुण इंजिनियर आला. तो जाताना एक इंग्रजी कॅसेट विसरून गेला. गाणी ऑपरेटरना शब्दानं कळली नाहीत, पण कॅसेटच्या कागदावर त्या बँडचा फोटो होता. तो कागद त्यांनी मला दाखवला. घडीवर फाटलेला, सेलोटेपनं जोडलेला.

"बगा. समदे हुबे हायेत. गानारा हुबा, गिटारवाले हुबे. एकटा बसलाय. अन् वाजवनारा त्योच. मी म्हनलं, हे तर जमतंय. बापाकडं गेलो. म्हनलं, आबा, मी वाजवीन, पन बसून. हुब्यानं न्हाई, चालत तर जलमात न्हाई. बाप लई येळ फोटो बगत ऱ्हायला. मग म्हनला, बसून असंल तर वाजव. तवापासनं बसायची जागा माझी माझ्यासंगं."

बापाला दिलेला तो शब्द त्यांनी कुठं कुठं पाळला याच्या कथा वस्तीत रागानं सांगितल्या जात. लग्नाच्या वरातीचे बँडवाले दुप्पट मानधनावर न्यायला आले, हे गेले नाहीत. वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीत पोरांनी हातापाया पडून सांगितलं, "ही तर आपलीच मिरवनूक हाय, हितं चालायला काय होतंय?" ऑपरेटर म्हणाले, "मिरवनूक आपली असली तरी पाय माझेच हायेत." शेवटी ट्रॉली आणली, वर सीट ठेवली, आणि त्या वर्षी मिरवणूक चार तास जागची हलली नाही म्हणे. लोक नाचायचे थांबेनात.

ही गोष्ट मी ऐकली, मान हलवली आणि गोष्ट ऐकल्यासारखी विसरून गेलो. पुढचं सगळं रामायण त्या विसरण्यातून घडलं.

त्यांच्या बँडचं नाव होतं 'डीपी'. गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात आणि ती जळालेली नसेल असा आठवडा जात नाही, म्हणून नाव सगळ्यांच्या तोंडात आयतंच होतं. आधीचे गडी एकेक करून पुण्याला कामाला गेले, एक डीजेवाल्याकडे गेला. बँडमध्ये उरले एकटे ऑपरेटर. आणि नेमकं तेव्हाच आवतण आलं. तो दुष्काळाचा कहर होता. धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती. दूध संघानं, सोसायट्यांनी, कारखान्यानं जागोजाग चारा छावण्या काढल्या होत्या आणि जनावरांबरोबर माणसंही महिनोन्‌महिने तिथंच ताडपत्रीखाली राहत होती. त्यांच्या मनोरंजनासाठी कीर्तन, भारूड आणि ऑर्केस्ट्रा ठेवायचं ठरलं. पाच छावण्या, पाच कार्यक्रम. ऑर्केस्ट्रा म्हणून बोलावलेला बँड रॉक वाजवतो, हे बोलावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ऑपरेटरनीही ते सांगायची घाई केली नाही.

तीन आठवड्यांत त्यांनी नवी मंडळी जमवली. एक मी. गायला रुक्साना. ती दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायची आणि शंभर माणसांच्या रांगेवरून तिचा आवाज जायचा, "एकशे सत्तावीस! म्हैस! पानी हाय!" ऑपरेटर तिथं उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "तालुक्यात पानी फकस्त दुधात ऱ्हायलंय, अन् आवाज फकस्त तुमच्यात." बेस गिटारला बालाजी. त्याला बेस येत नव्हता, पण टेम्पो त्याचा होता. ऑपरेटरनी त्याला चार सूर शिकवले आणि त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गियर अशी नावं दिली. बालाजी त्या चार सुरांत आयुष्यभर सुखी राहिला.

पहिला कार्यक्रम नांदूरघाटच्या बाजूच्या छावणीत होता. मी पुण्याच्या थाटात आवाज पूर्ण सोडला आणि पहिलाच झणत्कार केला. चाळीसेक बैलांनी एकदम दावणी उपटल्या. माणसं एकीकडे, म्हशी एकीकडे, एक खोंड स्टेजच्या पडद्यात गुरफटलेला. एक म्हातारा काठी घेऊन माझ्या अंगावर धावून आला, "आरं, आधीच हाडं ऱ्हायलीत जनावराची, ती बी पळवून मारतो का बे?"

ऑपरेटर उठले, म्हाताऱ्याची माफी मागितली, बैल बांधायला मदत केली आणि आम्हाला गोळा केलं. ते रागावले नव्हते.

"पंप सुरू करताना व्हॉल्व बंद ठिवतेत," ते म्हणाले. "उघडा ठिवून बटन दाबलं की समदा भार एकदम येतो, मोटार जळती. बंद व्हॉल्ववर सुरू करायचं, मग थोडा थोडा उघडायचा. आता तसं वाजवा. जनावराकडं बगा. रवंथ चालू हाय तवर उघडा. रवंथ थांबली की तितंच थांबा."

तासाभरानं आम्ही पुन्हा सुरू केलं, इतकं हळू की पुढच्या रांगेलाही ऐकू येईना. ऑपरेटर काठीची टोकं नुसती कातड्यावर ठेवत होते. मी समोरच्या एका लाल गाईच्या जबड्याकडे बघत होतो. जबडा चालू होता. थोडं वाढवलं. चालू. आणखी वाढवलं, जबडा थांबला, आम्ही तिथंच घुटमळलो, जबडा पुन्हा चालू झाला. पाऊण तासानं आवाज पूर्ण उघडलेला होता, अख्खी छावणी डोलत होती, आणि जनावरं निवांत रवंथ करत बसली होती. तो काठीवाला म्हातारा तर पुढं येऊन मांडी घालून बसला. मी त्याआधी आणि त्यानंतर अनेकांबरोबर वाजवलं आहे. संगीत म्हणजे काय, हे मला त्या गाईच्या जबड्यानं शिकवलं, असं मी कुणाला सांगितलं तर हसतात. हसू देत.

पण लोक वेडे झाले ते एका गाण्यानं. आमच्या संस्थेची वार्षिक सभा वीस वर्षं गणपूर्तीअभावी तहकूब होत होती, आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी पुन्हा भरत होती. त्या दुसऱ्या सभेला वीस वर्षं एकटे ऑपरेटर हजर असत. नोटीस वाचून वाचून त्यांना तिच्यात ताल सापडला. गाण्याचे शब्द म्हणजे ती नोटीसच. रुक्साना खणखणीत सुरू करायची, "सर्व सभासदांना कळविण्यात येते की..." मग चढत चढत जायचं, आणि ती ओरडायची, "गणपूर्ती झाली का?" लोक ओरडायचे, "न्हाई!" "मग?" "सभा तहकूब!" आणि सगळी वाद्यं कापल्यासारखी बंद. आठ ठोके पूर्ण शांतता. आठ मोजून झाले की ऑपरेटर बरोब्बर तिथूनच उचलायचे. समोरचा प्रत्येक माणूस दुधाच्या नाहीतर कर्जाच्या कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद होता. त्या शांततेत ती माणसं श्वास रोखून धरायची आणि ताल परतला की म्हाताऱ्यासुद्धा शिट्ट्या मारायच्या. तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत गाणं मोबाइलवरून आमच्या आधी पोचायला लागलं होतं. घाटनांदूरच्या बाजूला तर आम्ही टेम्पोतून उतरायच्या आधीच पोरं "सभा तहकूब" ओरडत होती.

पाचवा आणि शेवटचा कार्यक्रम साखर कारखान्याच्या मैदानात होता. कारखाना ऊस नसल्यानं बंद आणि मैदानात सगळ्यात मोठी छावणी. ऑपरेटर त्या कार्यक्रमाची वाट लहान मुलासारखी बघत होते. त्यांच्या वस्तीतली निम्मी माणसं त्या छावणीत होती, आणि त्यांचे वडील, आबा, तेही. वय झालं होतं, नजर अधू झाली होती. मुलगा वाजवतो हे आबांनी मान्य केलं होतं, पण समोर बसून ऐकलं कधीच नव्हतं. ते पहिल्यांदा ऐकणार होते.

आदल्या दिवशी कारखान्याच्या अध्यक्षांच्या पी. ए.चा मला फोन आला. अध्यक्षांना सगळे आण्णासाहेब म्हणत.

"आण्णासाहेब साडेचारला गेटवर येतेत. गेटपासून स्टेजपर्यंत वाजवत आणायचं. जमंल ना?"

"जमंल की!" मी म्हणालो. "वाजवत आणू."

मला एका क्षणासाठीही काही खटकलं नाही. आमच्या घरची लग्नं, निवडणुकीचे गुलाल, सत्कार, सगळं असंच व्हायचं. आपण चालायचं आणि पुढे कुणीतरी वाजवत असायचं. तो कुणीतरी कोण, हे बघायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेजवर सामान लावताना मी हे सहज सांगून टाकलं. बालाजी वायर गुंडाळत होता, तो थांबला. रुक्साना माझ्याकडे बघतच राहिली.

"किसकू पूछके बोला रे तू?" ती म्हणाली. "उनो चलके बजाते क्या कभी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो आजा, ते फुटलेले पाय, तो फोटो. आणि पुढच्याच रांगेत, आणून बसवलेले आबा. मी दिलेला शब्द मोडावा तर कार्यक्रम जातो, आणि आबा मुलाला न ऐकताच परत जातात. शब्द पाळावा तर त्याच आबांसमोर, ज्यांना वचन दिलं होतं त्यांच्यासमोर, मुलगा ड्रम गळ्यात अडकवून पाटलाच्या पोराच्या सांगण्यावरून गाडीपुढं चालतो. ऑपरेटर ड्रमचं कातडं ताणत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"तुमी काय शब्द दिला?" ते म्हणाले. "नेमका सांगा."

"गेटपासून स्टेजपर्यंत वाजवत आणू."

"चालत वाजवू, असं म्हनलात का?"

"नाही."

"बगा आठवून. ठरावात शब्द नेमका लागतो."

"नाही म्हणालो तसं. शप्पत."

"मग दिलेला शब्द पाळू," ते म्हणाले आणि पुढचं कातडं ताणायला घेतलं.

सव्वाचारला पी. ए. धावत आला. "चला, चला, गेटवर!" ऑपरेटर सीटवर बसलेले. त्यानं दोनदा सांगितलं, मग हात जोडले, मग आवाज चढवला. "आण्णासाहेब गाडीतनं उतरनार न्हाईत अशानं. जनरेटर आमचा हाय. बंद करतो, मग वाजवा काय वाजवायचं ते."

"बंद करा," ऑपरेटर शांतपणे म्हणाले. "ड्रमला करंट लागत न्हाई. तुमी गेट उघडा. त्यांना वाजवत आनायचं काम माझं."

तेवढ्यात गाड्या आल्या. पी. ए. डोक्याला हात लावून गेटकडे पळाला. गेट आणि स्टेजच्या मध्ये लांबलचक मोकळी वाट होती, दोन्ही बाजूंना दोन-तीन हजार माणसं, त्यांच्यामागे जनावरं. ऑपरेटरनी आम्हाला बोटानं खूण केली आणि बंद व्हॉल्ववर सुरू केलं. काठीची टोकं नुसती टेकत होती. आण्णासाहेब गाडीतून उतरले, पुढे वाजवणारं कुणी दिसेना म्हणून इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांच्या कानावर ते आलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून, जमिनीतून वर येतंय असं. त्यांनी एक पाऊल टाकलं. ठोका पावलावर पडला. दुसरं टाकलं, त्यावरही पडला. चार पावलांनंतर ठोका पावलावर पडत नव्हता, पाऊल ठोक्यावर पडत होतं.

मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑपरेटरनी ताल हळू केला, आण्णासाहेब हळू झाले. थोडा वाढवला, त्यांची पावलं वाढली, त्यांच्या मागचे संचालक, कार्यकर्ते, पोलीस, सगळे त्याच ठेक्यात चालू लागले. कुणाला काही कळत नव्हतं. चालताना ताल कानावर आला की माणूस दुसरं काही करूच शकत नाही. आवाज उघडत गेला, रुक्सानानं नोटीस सुरू केली, आणि वाट निम्मी झाली तेव्हा ती ओरडली, "गणपूर्ती झाली का?"

तीन हजार माणसं ओरडली, "न्हाई!"

"मग?"

"सभा तहकूब!"

आम्ही थांबलो. आणि आण्णासाहेबही थांबले. भर मैदानात, उन्हात, एक पाय पुढे टाकलेला, हात नमस्कारासाठी अर्धवट उचललेले. मागची सगळी फौज थबकली. मी मनात आठ मोजले. ऑपरेटरनी काठी उचलली नाही. सोळा झाले. जनावरांच्या रवंथीचा आवाज ऐकू येत होता. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. चोवीस. तालुक्यात पान ज्याच्या शब्दाशिवाय हलत नाही तो माणूस उभा होता, आणि ऑपरेटर बसून होते. ते त्याच्या पायांकडे बघत होते. मला भीती वाटली आणि ऑपरेटरच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, हे दोन्ही एकदम.

बत्तिसाव्या ठोक्याला त्यांनी काठी उचलली आणि त्याच ठिकाणाहून ताल धरून आण्णासाहेबांना स्टेजपर्यंत सुखरूप आणलं.

आण्णासाहेब वर आले, घाम पुसला. त्यांचा चेहरा खुललेला होता. "लई भारी वाजवता राव तुमी. चालताना काय मजा आली!"

ऑपरेटरनी बसल्या जागेवरून हात जोडले. "आण्णासाहेब, तुमी बी चांगले चालता."

पुढच्या रांगेत आबा बसले होते. बाकी लोक शिट्ट्या मारत होते, ते मारत नव्हते. त्यांनी शेजारच्या माणसाला मोठ्यानं विचारलं, "माझं पोरगं बसूनच हाय ना रे?" तो म्हणाला, "बसून हाय, आबा." मग म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते हात मांडीवर ताल धरत होते. दीड तास आम्ही वाजवलं. ऑपरेटर एकदाही आबांकडे बघू शकले नाहीत.

परतताना दिवेलागण झाली होती. टेम्पोत मागे मी आणि ऑपरेटर सामानावर बसलो होतो. मी माफी मागितली.

"मला इचारलं न्हाई, ही तुमची चूक," ते म्हणाले. "ती मी सोडली. पन तुमाला इचारावंच वाटलं न्हाई, ती चूक तुमच्या एकट्याची न्हाई. घरी जाऊन तुमच्या आजोबाला इचारा, छपन सालात आमचा आजा तुमच्या दारात काय ठिवून गेला."

सकाळी मी विचारलं. आजोबा ओसरीवर बाजेवर पडले होते. आदल्या दिवशीची सगळी हकीकत मी सांगितली, आण्णासाहेब थांबले तेही सांगितलं. मला वाटलं भडकतील. ते उठून बसले.

"सोपाना," ते म्हणाले. "त्याच्या आज्याचं नाव सोपाना. आला, डफडं ह्या पायरीवर ठिवलं, अन् आमच्या बापाला म्हनला, पाटील, आजपासून तुमचं तुमी वाजवा. अन् गेला. मागं वळून बगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी दवंडी द्यायची व्हती. कोनी मिळंना. बाप मला म्हनला, तू तरनाताठा हायस, घाल गळ्यात. मी घातलं." आजोबांनी दोन्ही हात छातीशी धरले आणि त्या हातांकडे बघत राहिले. "हलकं असतं रे ते. अगदी हलकं. पन गाव बगत व्हतं. मला ह्या पायरीवरनं चार पावलं बी चालवलं न्हाई."